‘या विषयावर कामच झालेलं नाही’ म्हणण्याआधी: मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन साहित्य शोधण्याची रीत

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं प्रबंधिकेचे विषय घेऊन यायला लागली की पहिल्या आठवड्यातच एक वाक्य हमखास ऐकू येतं: “मॅडम, या विषयावर भारतात कामच झालेलं नाही.” मी विचारते, कुठे शोधलंस? गूगलवर. काय टाइप केलंस? विषयाचं पूर्ण शीर्षक, दहा-बारा शब्दांचं, जसंच्या तसं.

यात मुलांना दोष देता येत नाही. संशोधन पद्धतीच्या पेपरात नमुना निवड, टी-चाचणी, सहसंबंध हे सगळं नीट शिकवलं जातं. साहित्य शोधायचं कसं, हे मात्र ‘संदर्भ साहित्याचा आढावा घ्यावा’ एवढ्या एका ओळीत उरकतं. पण ‘मला सापडलं नाही’ आणि ‘काम झालेलं नाही’ या दोन वाक्यांमध्ये कितीतरी तासांची मेहनत असते. ती मेहनत कुठे आणि कशी करायची, ते या लेखात एकच विषय धरून दाखवते.

विषय असा घेऊ: पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांमधली परीक्षाचिंता आणि त्यांची झोप. सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत रात्री अकरा वाजता डोकावलं तरी हा विषय किती खरा आहे ते कळतं.

एक सूचना आधीच देते. खाली इंग्रजी शोधशब्द मी देवनागरीत लिहिले आहेत. डेटाबेसमध्ये, म्हणजे संशोधन लेखांच्या ऑनलाइन सूचीत, टाकताना ते रोमन लिपीतच टाकायचे.

पायरी पहिली: शीर्षक मोडा

शीर्षक हा वाचकासाठी लिहिलेला मजकूर असतो. यंत्राला त्याचा उपयोग नाही. एक कोरा कागद घ्या, आडवा धरा आणि विषयात वेगवेगळ्या कल्पना किती आहेत त्या मोजा. आपल्या विषयात चार आहेत: परीक्षाचिंता, झोप, स्पर्धा परीक्षा देणारे विद्यार्थी, आणि मराठी माध्यम किंवा महाराष्ट्र. प्रत्येकीसाठी एक रकाना आखा.

आता थोडा वेळ थांबून विचार करा. या चारही कल्पना एकाच अभ्यासात सापडतील का? बहुधा नाही. म्हणून त्या चारही एकदम शोधायच्याच नाहीत. परीक्षाचिंता आणि झोप ही एक जोडी, परीक्षाचिंता आणि भारतातले स्पर्धा परीक्षार्थी ही दुसरी, शिक्षणाचं माध्यम आणि परीक्षाचिंता ही तिसरी. तुमचा आढावा या तीन ओढ्यांचा मिळून बनणार आहे. ‘काहीच सापडत नाही’ म्हणणारी बहुतेक मुलं चारही ओढे एकाच घागरीत भरायला बघत असतात.

पायरी दुसरी: शब्दांचा तक्ता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक अख्खी दुपार गेली तरी चालेल.

तुमच्या डोक्यातला शब्द आणि लेखकाने छापलेला शब्द एकच असेल याची खात्री नसते. परीक्षाचिंतेसाठी इंग्रजीत रुळलेली संज्ञा आहे ‘टेस्ट अँक्झायटी’. पण भारतीय लेखक बरेचदा ‘एक्झाम अँक्झायटी’, ‘एक्झामिनेशन अँक्झायटी’, ‘एक्झामिनेशन स्ट्रेस’, ‘अकॅडमिक स्ट्रेस’ असं लिहितात. काही जण ‘इव्हॅल्युएशन अँक्झायटी’ म्हणतात. हे सगळे शब्द पहिल्या रकान्यात एकाखाली एक लिहा. त्यांच्या अर्थात फरक आहे का, हे वाचताना कळेल. शोधताना मात्र सगळ्यांना आत येऊ द्या.

तिसऱ्या रकान्यात ‘कॉम्पिटिटिव्ह एक्झाम’, ‘सिव्हिल सर्व्हिसेस अ‍ॅस्पिरन्ट’, ‘कोचिंग’, ‘एंट्रन्स एक्झाम’ येतील. एमपीएससीवर थेट काही मिळालं नाही तरी यूपीएससी, जेईई, नीट किंवा कोटा शहराच्या नावाने शोधून पाहा. परिस्थिती सारखी असेल तर तो अभ्यास तुमच्या कामाचा आहे.

चौथ्या रकान्यात एक शब्द मुलं नेहमी विसरतात. आपण ‘मराठी माध्यम’ म्हणतो, पण इंग्रजीत लिहिणारे भारतीय संशोधक कित्येकदा ‘व्हर्नाक्युलर मीडियम’ लिहितात. शिवाय ‘रीजनल लँग्वेज’, ‘मदर टंग’, ‘मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन’ हेही आहेतच. आणि जुनं साहित्य शोधत असाल तर गावांची जुनी नावं टाका. पुण्याचं इंग्रजी स्पेलिंग १९७८ मध्ये बदललं, बॉम्बेचं मुंबई १९९५ मध्ये झालं. त्याआधीच्या लेखांत ‘पूना’ आणि ‘बॉम्बे’च असणार.

काळ बदलला तशी मानसशास्त्राची भाषाही बदलली. ‘मॅनिक डिप्रेशन’ची जागा १९८० च्या डीएसएम-३ मध्ये (डीएसएम म्हणजे मनोविकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) ‘बायपोलर डिसऑर्डर’ने घेतली. ‘मेंटल रिटार्डेशन’ची जागा २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये ‘इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी’ने घेतली. आज ‘मेंटल रिटार्डेशन’ हा शब्द कुणाबद्दल वापरणं योग्य नाही, तुमच्या लिखाणातही तो नको. पण चाळीस वर्षांपूर्वीचे अभ्यास हवे असतील तर शोधताना तो टाकावाच लागतो.

शब्द कुठून जमवायचे? माझा अनुभव असा की स्वतःच्या डोक्यातून पाच-सहाच्या वर निघत नाहीत. म्हणून एक बरा लेख सापडला की त्याचा गोषवारा आणि खालचे बीजशब्द (कीवर्ड्स) वाचा आणि त्यातले नवे शब्द तक्त्यात चढवा. मग एपीएचा थिसॉरस पाहा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने हा मानसशास्त्रीय संज्ञांचा कोश पहिल्यांदा १९७४ मध्ये काढला. सायकइन्फो या डेटाबेसमधल्या प्रत्येक नोंदीला माणसांनी तपासून यातल्या संज्ञा लावलेल्या असतात. लेखकाने मजकुरात ‘एक्झाम फिअर’ लिहिलेलं असलं, तरी विषय तोच असेल तर नोंदीवर ‘टेस्ट अँक्झायटी’ ही संज्ञा लागलेली असू शकते. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये हेच काम मेश नावाची शब्दसूची करते. मात्र दोन्ही ठिकाणी एकच संज्ञा असेल असं धरू नका. नैराश्याच्या विकाराला एपीए ‘मेजर डिप्रेशन’ म्हणतं, तर मेशमध्ये त्याची नोंद ‘डिप्रेसिव्ह डिसऑर्डर, मेजर’ अशी उलट्या क्रमाने आहे.

आणखी एक युक्ती, जी मला स्वतःला फार उशिरा कळली: विषयाच्या नावाने शोधण्याऐवजी मापनाच्या साधनाच्या नावाने शोधा. झोपेवरचे अभ्यास हवेत? ‘पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स’ हे नाव अवतरणात टाका आणि सोबत इंडिया लिहा. ही प्रश्नावली १९८९ ची आहे आणि झोपेच्या अभ्यासांत सर्रास वापरली जाते. परीक्षाचिंतेसाठी स्पीलबर्गर यांची १९८० ची वीस विधानांची ‘टेस्ट अँक्झायटी इन्व्हेंटरी’ आहे, कॅसडी आणि जॉन्सन यांची २००२ ची ‘कॉग्निटिव्ह टेस्ट अँक्झायटी स्केल’ आहे. शीर्षकात परीक्षेचा उल्लेखही नसलेले कितीतरी अभ्यास या वाटेने हाती लागतात. वर आपल्या गटावर कोणतं साधन वापरलं गेलंय, त्याचं मराठी भाषांतर कुणी केलंय का, हेही याच शोधात कळतं.

पायरी तिसरी: कुठे शोधायचं

सुरुवात गूगल स्कॉलरवर करायला माझी हरकत नाही. २००४ पासून ते मोफत आहे आणि भारतातली लहान नियतकालिकंही त्यात सापडतात. पण त्याच्या मर्यादा ठाऊक असू द्या. वर येणारे निकाल बहुधा खूप उद्धृत झालेले, म्हणजे जुने असतात. निकाल लाखभर दाखवले तरी प्रत्यक्षात पहिले हजारच पाहता येतात. आणि तोच शोध पुढच्या महिन्यात घेतला तर तेच निकाल येतील याची हमी नसते. म्हणून ते नुसत्या चाचपणीसाठी आणि माग काढण्यासाठी ठेवा. मागाबद्दल पुढे सविस्तर येईलच.

मानसशास्त्राचा मुख्य डेटाबेस म्हणजे सायकइन्फो. त्याचा छापील पूर्वज ‘सायकॉलॉजिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स’ १९२७ पासून निघत होता. इथे वयोगट, संशोधनाची पद्धत, वापरलेली चाचणी अशा चाळण्या लावता येतात, आणि तेवढ्यासाठी तरी तो एकदा वापरून पाहावा. तो विकत घ्यावा लागतो, त्यामुळे अनेक महाविद्यालयांत नसतो. आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन विचारा. पुण्यात जयकर ज्ञानस्रोत केंद्र, मुंबईत कलिन्याचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. ईमेल पाठवून उत्तराची वाट बघत बसण्यापेक्षा प्रत्यक्ष जाऊन संदर्भ विभागातल्या ग्रंथपालांना भेटा. ‘मला हा विषय शोधायचा आहे, तुमच्याकडे काय काय आहे?’ असं विचारलं की बहुतेक ग्रंथपाल मनापासून मदत करतात.

सायकइन्फो नसेल तर अडून राहू नका. पबमेड मोफत आहे. झोप, मनोविकार, मेंदू, आरोग्य मानसशास्त्र यांसाठी ते फार चांगलं. त्यातल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर तुमच्या शोधाचा तपशील उघडता येतो. तुम्ही टाकलेल्या शब्दांचा यंत्राने काय अर्थ लावला ते तिथे अक्षरशः लिहिलेलं दिसतं. पहिल्या दिवशी ते जरूर उघडून पाहा. शिक्षणाशी संबंधित विषय असेल तर एरिक हा अमेरिकेतला शैक्षणिक डेटाबेस, तोही मोफत. परीक्षाचिंता, अध्ययन अक्षमता, शिक्षकांचा ताण यांवर तिथे भरपूर साहित्य आहे. अजून छापून न आलेले लेख सायआर्काइव्हवर मिळतात, मात्र त्यांचं इतर तज्ज्ञांकडून परीक्षण झालेलं नसतं हे ध्यानात ठेवून वाचा.

भारतीय साहित्यासाठी वेगळी पायपीट करावी लागते. ‘इंडियन जर्नल ऑफ सायकायट्री’ आणि ‘इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिन’ यांचे लेख खुले आहेत. ‘सायकॉलॉजिकल स्टडीज’ हे नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायकॉलॉजीचं नियतकालिक, आणि ‘सायकॉलॉजी अँड डेव्हलपिंग सोसायटीज’ हेही आपल्या समाजाचे प्रश्न घेऊन चालणारं. यांच्या संकेतस्थळांवर जाऊन त्यांच्याच शोधखिडकीत शब्द टाका.

आणि शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा हा प्रबंधांचा साठा आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याने उघडलाच पाहिजे. इथे प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये ठेवलेला असतो, त्यामुळे चारशे पानं उतरवायची गरज नाही. अनुक्रमणिकेची फाइल आधी उघडा, मग साहित्याच्या आढाव्याचं प्रकरण आणि शेवटची संदर्भसूची. मराठी आणि हिंदीत लिहिलेले प्रबंधही इथे आहेत, तेव्हा देवनागरीतही शोधून पाहा: ‘परीक्षा चिंता’, ‘परीक्षेचा ताण’, ‘समायोजन’, ‘शैक्षणिक संपादन’. शब्दशोधात काही आलं नाही तर विद्यापीठ निवडा, त्यातला मानसशास्त्र विभाग निवडा, आणि शीर्षकांची यादी डोळ्यांखालून घाला. जुने प्रबंध स्कॅन केलेले असतात, त्यांच्या आतला मजकूर यंत्राला वाचता येत नाही. डोळ्यांना तो अडथळा नाही.

प्रबंध वाचण्याचं आणखी एक कारण आहे. फरक आढळला नाही असे अभ्यास नियतकालिकांत कमी छापले जातात, संशोधकाच्या टेबलाच्या खणात पडून राहतात. रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९ मध्ये या प्रश्नाला ‘फाइल ड्रॉवर’ हेच नाव दिलं. प्रबंध मात्र निकाल काहीही लागला तरी सादर करावाच लागतो. म्हणून छापील लेखांनी दाखवलेलं चित्र आणि प्रबंधांतलं चित्र शेजारी ठेवून पाहावं.

पायरी चौथी: शब्द जोडायचे कसे

हे तंत्र अर्ध्या तासात येतं. एका रकान्यातले समानार्थी शब्द ‘ऑर’ने जोडायचे आणि त्या सगळ्यांना एका कंसात टाकायचं. दोन कंस एकमेकांना ‘अँड’ने जोडायचे. दोन किंवा अधिक शब्दांची संज्ञा असेल तर तिला दुहेरी अवतरण द्यायचं. अवतरण नसेल तर ‘टेस्ट’ एकीकडे आणि ‘अँक्झायटी’ भलतीकडे असलेले लेखही येतात, रक्तचाचणीच्या भीतीवरचेसुद्धा.

आपला पहिला ओढा असा दिसेल.

पहिला कंस: “टेस्ट अँक्झायटी” ऑर “एक्झाम अँक्झायटी” ऑर “एक्झामिनेशन अँक्झायटी” ऑर “एक्झामिनेशन स्ट्रेस”
मध्ये: अँड
दुसरा कंस: स्लीप ऑर इन्सोम्निया ऑर “स्लीप क्वालिटी”

दुसऱ्या ओढ्यात पहिला कंस तोच. दुसऱ्यात इंडिया ऑर इंडियन ऑर महाराष्ट्र. तिसरा कंस कॉम्पिटिटिव्ह, कोचिंग, एंट्रन्स यांचा. निकाल फारच कमी आले तर एक कंस काढून टाका. फार जास्त आले तर शब्द फक्त शीर्षक आणि गोषवाऱ्यात शोधायला सांगा. मी तरी नवा कंस शेवटच्या क्षणीच वाढवते.

शब्दाच्या मुळापुढे तारा, म्हणजे *, टाकला की त्या मुळापासून निघालेली सगळी रूपं येतात. पण मूळ फार आखूड नको. ‘सायक’ एवढ्याच अक्षरांपुढे तारा टाकला तर मानसशास्त्रही येईल, मनोविकारशास्त्रही आणि नशेच्या गोळ्याही. ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंग दोन्ही लिहा. ‘बिहेव्हियर’ आणि ‘काउन्सेलिंग’ हे शब्द भारतीय लेखांत दोन्ही तऱ्हांनी येतात. चिन्हांचे बारकावे डेटाबेसगणिक बदलतात, तेव्हा त्या त्या ठिकाणचं मदतीचं पान वाचून घ्या. गूगल स्कॉलरमध्ये तारा असा चालत नाही.

‘नॉट’ शक्यतो वापरू नका. प्रौढांवरचे अभ्यास हवेत म्हणून ‘नॉट चिल्ड्रन’ लिहिलं, तर मुलं आणि प्रौढ दोघांचा तौलनिक अभ्यास करणारा लेखही गायब होतो, आणि तो गेल्याचं तुम्हाला कधी कळतही नाही.

पायरी पाचवी: माग काढणं

माझा शोधातला हा सगळ्यात आवडता भाग, कारण इथे माणसाची बुद्धी चालते. एक चांगला लेख हाती लागला की त्याच्यापासून दोन वाटा फुटतात. एक मागे जाते, त्याच्या संदर्भसूचीकडे. दुसरी पुढे जाते, ज्यांनी नंतर त्याला उद्धृत केलं त्यांच्याकडे. गूगल स्कॉलरमध्ये प्रत्येक निकालाखाली ‘सायटेड बाय’ असा दुवा असतो, तो दाबा. मग वर ‘सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स’ला खूण करून त्या लेखांतच नवा शब्द शोधता येतो. परीक्षाचिंतेवरचा प्रसिद्ध लेख उघडायचा, तो उद्धृत करणारे सगळे काढायचे आणि त्यांत ‘इंडिया’ शोधायचं. पाच मिनिटांत दुसरा ओढा वाहायला लागतो.

सुरुवातीचा चांगला लेख कोणता घ्यावा? शक्यतो महाविश्लेषण (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहणारा अभ्यास), म्हणजे मेटा-अ‍ॅनालिसिस. आपल्या विषयात रे हेम्ब्री यांनी १९८८ मध्ये ५६२ अभ्यास एकत्र करून परीक्षाचिंतेचं महाविश्लेषण केलं. तीस वर्षांनी, २०१८ मध्ये, नेथॅनियल फॉन डर एम्बसे आणि सहकाऱ्यांनी त्यानंतरच्या २३८ अभ्यासांचा आढावा घेतला. हे दोन खांब रोवले की मधल्या तीस वर्षांत लोकांनी काय विचारलं ते समजतं, आणि २०१८ नंतरचा शोध तुम्ही स्वतः घ्यायचा आहे हेही.

पुढची वाट न चालल्याने काय होतं, याचं एक उदाहरण जवळून पाहू. रॉय बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांचा १९९८ चा प्रयोग पाठ्यपुस्तकांतून अनेकांनी वाचला असेल. उपाशी आलेल्या विद्यार्थ्यांसमोर ताजी चॉकलेटची बिस्किटं आणि मुळे ठेवले. काहींना सांगितलं, तुम्ही फक्त मुळे खायचे. नंतर सर्वांना न सुटणारी कोडी दिली. मुळे खाणाऱ्यांनी कोडी लवकर सोडून दिली. निष्कर्ष असा की आत्मसंयम वापरला की तो तात्पुरता संपतो. या कल्पनेला ‘इगो डिप्लिशन’ म्हणतात. समजा, तुमचा शोध इथेच थांबला. तुम्ही लिहाल: दिवसभर अभ्यास करणाऱ्या परीक्षार्थींचा संयम रात्री संपलेला असतो.

आता ‘सायटेड बाय’ दाबा. २०१० मध्ये मार्टिन हॅगर आणि सहकाऱ्यांचं महाविश्लेषण दिसतं: ८३ अभ्यास, परिणाम मध्यम ते मोठा. कल्पना पक्की झाली असं वाटतं. आणखी पुढे या. २०१६ मध्ये त्याच हॅगर यांच्या पुढाकाराने २३ प्रयोगशाळांनी, दोन हजारांहून अधिक जणांवर, पद्धत आधी जाहीर करून एकच प्रयोग केला. परिणाम जवळजवळ शून्य. २०२१ मध्ये कॅथलीन व्होस यांच्या नेतृत्वाखाली ३६ प्रयोगशाळांनी पुन्हा पाहिलं, तेव्हाही परिणाम अगदी नगण्य निघाला. चार दुवे दाबले की तुमचं वाक्य पूर्ण बदलतं. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते: प्रबंधिकेत ज्या लेखावर तुमचा मुख्य युक्तिवाद उभा आहे, त्याची पुढची वाट चालल्याशिवाय तो लेख वापरायचा नाही.

पायरी सहावी: पूर्ण लेख हातात येण्यासाठी

गोषवारा वाचून संदर्भ देणं हा अप्रामाणिकपणा आहे, मग तो नकळत का असेना. पूर्ण लेख मिळवण्याच्या सरळ वाटा पुष्कळ आहेत.

तुम्ही सरकारी विद्यापीठात किंवा सरकारी महाविद्यालयात असाल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ची चौकशी करा. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ही सरकारी खर्चाने नियतकालिकं खुली करण्याची योजना मंजूर केली, तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये ठेवले, आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं १ जानेवारी २०२५ पासून खुली केली. मानसशास्त्रातले किती तरी लेख छापणारे सेज, स्प्रिंगर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, एल्सव्हिअर त्यात आहेत. विद्यार्थ्यांना याची माहितीच नसते, आणि पैसे भरा अशी पाटी दिसली की ते पान बंद करतात. महाविद्यालयात एन-लिस्ट (महाविद्यालयांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणारी योजना) असेल तर ग्रंथालयातून स्वतःचा लॉगिन मागून घ्या.

ते नसेल तर गूगल स्कॉलरमध्ये त्या लेखाच्या सगळ्या आवृत्त्या उघडा, एखादी लेखकाच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत असते. ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे जोडसाधन बसवा, कायदेशीर मोफत प्रत असेल तिथे ते हिरवं कुलूप दाखवतं. तरीही नाही मिळालं तर लेखकालाच लिहा. चार ओळी पुरतात: मी कोण, काय अभ्यास करतोय, कोणता लेख हवाय, धन्यवाद. लेखावर संपर्काचा पत्ता छापलेलाच असतो. आपला लेख दूरच्या कुणा विद्यार्थ्याला वाचायचाय याचा बहुतेकांना आनंद होतो.

पायरी सातवी: चाळण

जे सापडलं ते सगळं वाचायचं नसतं. शीर्षकावरून एकदा, गोषवाऱ्यावरून दुसऱ्यांदा गाळा. उरलेल्या लेखांत मी पहिल्यांदा पद्धतीचा भाग उघडते: किती माणसं, कोण, कशी निवडली, कोणतं साधन. २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्रातले निष्कर्ष मुख्यतः पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, श्रीमंत, लोकशाही समाजातल्या लोकांवरून काढलेले आहेत. अमेरिकेतल्या पदवीच्या विद्यार्थ्याची सत्रपरीक्षा आणि पाच वर्षं खोली घेऊन राहिलेल्या मुलाची पूर्वपरीक्षा एकसारखी नाही. हा फरक तुमच्या आढाव्यात लिहा. तुमच्या अभ्यासाची गरज तिथूनच सिद्ध होते.

नियतकालिक खरं आहे का, हेही पाहा. पैसे घेऊन आठवड्यात काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा आपल्याकडे सुळसुळाट आहे. यूजीसीने २०२५ च्या सुरुवातीला मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली, त्यामुळे पारख स्वतःच करावी लागते. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, अभियांत्रिकीपासून आयुर्वेदापर्यंत सगळं एकाच अंकात आहे का, परीक्षण किती दिवसांत झालं, हे बघितलं की पुष्कळ कळतं.

मागे घेतलेले लेख ही वेगळी गोष्ट. नेदरलँड्समधले सामाजिक मानसशास्त्रज्ञ डिडरिक स्टॅपल यांनी आकडे स्वतः रचले होते, हे २०११ मध्ये उघड झालं, आणि त्यांचे पन्नासहून अधिक लेख मागे घेतले गेले. त्यातले काही अजूनही जुन्या पुस्तकांतून उद्धृत होतात. संदर्भ साठवायला झोटेरो वापरा. ते मोफत आहे, आणि साठवलेला लेख मागे घेतला गेला असेल तर स्वतःहून इशारा देतं. संदर्भसूची हाताने टाइप करण्यात मुलांचे शेवटचे चार दिवस जातात, तेही वाचतात.

चॅटबॉटकडून संदर्भ मागत असाल तर एवढं कराच: प्रत्येक संदर्भाचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, उघडून पाहा, आणि शीर्षक, लेखक, वर्ष तिन्ही जुळतात का ते तपासा. खऱ्या लेखकाचं नाव, खरं नियतकालिक आणि अस्तित्वातच नसलेला लेख अशी सरमिसळ ही साधनं अगदी आत्मविश्वासाने देतात. समानार्थी शब्द सुचवायला मात्र त्यांची चांगली मदत होते, म्हणजे दुसऱ्या पायरीवर.

पायरी आठवी: शोधवही

ही वही पहिल्या दिवसापासून ठेवा. साधी शंभर पानी वही चालेल, एक्सेल चालेल. प्रत्येक शोधाची एक ओळ: तारीख, डेटाबेसचं नाव, टाकलेले शब्द जसेच्या तसे, लावलेल्या चाळण्या, किती निकाल आले, किती ठेवले, आणि शेवटी एक वाक्य, या शोधातून काय शिकले. ‘व्हर्नाक्युलर टाकल्यावर नवीन लेख आले’ किंवा ‘झोपेचा कंस काढायला हवा’ असं काहीही. पंधरा दिवसांनी तोच शोध नकळत पुन्हा घेणं थांबतं. पद्धतशीर आढाव्यांसाठी २०२० मध्ये सुधारलेली प्रिझ्मा ही नियमावलीही शोधाचा असाच हिशेब मागते. एम.ए.च्या प्रबंधिकेला तिची सक्ती नसते, पण तिचा प्रवाह-तक्ता एकदा पाहून ठेवा.

थांबायचं कधी, हेही वहीच सांगते. नवे शब्द सुचेनासे झाले, वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये तेच लेख येऊ लागले, संदर्भसूच्यांतली नावं ओळखीची वाटायला लागली, की शोध आवरता घ्या. गूगल स्कॉलरवर आणि पबमेडवर तुमच्या शोधाचा अलर्ट लावून ठेवा आणि वाचायला बसा. प्रबंधिका सादर करण्याच्या दोन आठवडे आधी मुख्य शोध एकदा पुन्हा घ्या.

मग आढाव्याच्या शेवटी ‘या विषयावर भारतात काम झालेलं नाही’ या वाक्याच्या जागी असं लिहिता येईल: “पबमेड, एरिक, गूगल स्कॉलर आणि शोधगंगा या चार ठिकाणी परीक्षाचिंता, झोप आणि स्पर्धा परीक्षार्थी यांसाठीच्या परिशिष्टात दिलेल्या शब्दांनी शोध घेतला. महाराष्ट्रातील मराठी माध्यमातून शिकलेल्या परीक्षार्थींची परीक्षाचिंता आणि झोप यांचा एकत्र अभ्यास या शोधात आढळला नाही.” खाली तारीख घाला, परिशिष्टात वहीची पानं जोडा, आणि तोंडी परीक्षेला जाताना मूळ वही सोबत घेऊन जा.